ग्रेडरसाहेबांचा पांढरा

यवतमाळात घराला रंग लावायचा तो दुर्गोत्सवाच्या आत. त्या नऊ दिवसांत सारं शहर रात्रभर रस्त्यावर असतं आणि देखावे बघायला आलेले पाहुणे मुक्कामालाच उतरतात. म्हणून पोळा फुटला की पेंटर मिळणं मुश्कील, आणि मिळालेला पेंटर कोणी हातचा जाऊ देत नाही. आमच्या दारव्हा रोडच्या कॉलनीतल्या ग्रेडरसाहेबांनीही जाऊ दिलेला नाही. त्यांनी त्याला व्हरांड्यात बसवून ठेवला आहे. रोजी चालू, ब्रश कोरडा.

साहेब कापूस पणन महासंघातून निवृत्त झाले. 1972 साली एकाधिकार खरेदी सुरू झाली, तिच्या भरातल्या काळातला हा माणूस. संकलन केंद्रावर बैलगाड्यांची रांग लागलेली. साहेब गाडीत कोपरापर्यंत हात खुपसणार, मधला कापूस काढणार, चिमटीत धागा ओढणार, एकदा उजेडाकडे धरणार, की झालं. पहिल्या वेचणीचा कोणता, ओल लागून पिवळा पडलेला कोणता, कवडी कुठं मिसळली, हंगाम सरल्यावरची हलकी फरदड कुठली, हे सगळं बैलानं शेपूट हलवायच्या आत. ‘जरा वरचा लावा ना जी’ म्हणणाऱ्याकडे ते मान वर करूनही बघत नसत.

आता हाच माणूस आयव्हरी, क्रीम, ऑफव्हाइट आणि बिस्किट या चौघांत अडकला आहे.

हॉलच्या भिंतीवर चार चौकोन मारलेले आहेत. परवा मला हाताला धरून आत नेलं.

“सांगा, कोणता?”

“दोन नंबर,” मी म्हणालो. काहीतरी म्हणायचं म्हणून.

“का?”

या ‘का’पुढे कॉलनीतली भलीभली माणसं गारद झाली आहेत. दूधवाला तर हल्ली फाटकावरूनच पिशवी देतो. पेंटरनं एकदाच तोंड उघडलं होतं: “साहेब, मले त चारी सारखेच दिसते जी.” त्यावर साहेबांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर फरदडीच्या गाडीसाठी राखीव असे.

खरी आग लावली दुकानातल्या टिंटिंग मशीननं. पांढऱ्या बेसमध्ये ती पिवळा, काळा, तांबडा असे थेंब मोजून सोडते आणि डबा गदागदा हलवला की शेड तयार. साहेबांनी थेंबांचा हिशेब मागून घेतला. एकात पिवळा कणभर जास्त, दुसऱ्यात काळा. डोळ्याला दिसला नसता तो फरक कागदावर दिसला, आणि तेव्हापासून त्यांना डोळ्यानंही दिसतो.

एक मात्र कबूल केलं पाहिजे: साहेब चूक नाहीत. पांढऱ्याला स्वतःचं असं काही नसतं. उजेड देईल ते त्याचं. हॉलच्या खिडकीबाहेर कडुनिंब आहे, त्याची हिरवी झाक सकाळी भिंतीवर उतरते. दुपारी भादव्याचं ऊन अंगणातल्या लाल फरशीवरून उसळून आत येतं, तेव्हा ऑफव्हाइट गुलाबी पडतो. रात्री पांढऱ्या एलईडीत क्रीम मेलेला दिसतो, पिवळ्या बल्बखाली चौघेही हळदीला बसल्यासारखे. त्यातून कार्डावरचा बोटभर तुकडा भिंतभर पसरला की वेगळाच वाटतो, आणि चार चौकोन शेजारीशेजारी असले की एकमेकांचा रंग बिघडवतात. शहाण्यानं एकेक शेड मोठ्या पुठ्ठ्यावर लावून, तो पुठ्ठा खोलीभर फिरवून, सकाळी आणि रात्री बघावी. साहेबांनी तेही केलं. चारच पुठ्ठे होते, पण उजेड किती! एकदा लाइट गेली, तेव्हा ते मेणबत्ती घेऊन भिंतीपुढे उभे होते. काकूंना वाटलं, आरती चालली आहे.

काकूंची मतं सरळ आहेत. त्यांच्या माहेरी पांढऱ्या मातीनं भिंती पोतारत. पुढं वणीजवळच्या राजूरच्या भट्टीतला चुना आला. रात्री भिजवायचा, सकाळी नीळ आणि डिंक घालून फासायचा. “घराले हात लावला का अंगाले पांढरं लागे,” काकू म्हणतात, “पण कोन्ता पांढरा, हे कोनी इचारलं नाही.”

मला वाटतं, साहेबांची अडचण डोळ्यांची नाहीच. केंद्रावर ग्रेड लावली की गाडी पुढं सरकायची. चुकलीच तर साहेबांच्या डोळ्यांसमोर राहायची नाही. भिंत कुठं जाते?

काल स्वयंपाकघराला रंग लागला. साहेब पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते, तेवढ्यात काकूंनी पेंटरला आत घेतलं. कोणता डबा फोडला ते त्या दोघांनाच ठाऊक. साहेब रात्री तिथंच जेवले, भाजीत मीठ जास्त झाल्याचं बोलले आणि पुठ्ठे घेऊन पुन्हा हॉलमध्ये गेले.

हॉल अजून बाकी आहे. दारव्हा रोडला कुणी चहाला बोलावलं तर अवश्य या, पण भिंतीकडे पाठ करून बसा.