सुट्टी : मालवणी, दुबईस्थित

दुबईत स्थायिक झालेल्या मालवणी दांपत्याच्या सुट्टीचे दोन भाग पडतात : शनिवार आणि रविवार. २०२२पूर्वी ते शुक्रवार आणि शनिवार होते. सरकारने वार बदलले, कार्यक्रम बदलला नाही. शनिवारी सकाळी देऱ्याच्या मासळीबाजारात सुरमई पाहिली जाते. तिचे तिथले नाव कनद. 'मालवणात अर्ध्या भावात गावता' असे पुटपुटून बांगडा घेतला जातो. दुपारी गावाहून बॅगेतून आलेली तिरफळे कालवणात पडतात, कोकमाची सोलकढी होते आणि वास शेजारी जाऊ नये म्हणून पंखा पूर्ण वेगाने फिरतो. संध्याकाळी अब्रा नावाच्या होडीतून खाडीची सैर होते. मालवणच्या धक्क्यासमोरचा, १६६७ साली बांधून झालेला सिंधुदुर्ग किल्ला आतून पाहणे मात्र 'फुडच्या खेपेक' राखून ठेवलेले असते. रविवार व्हिडिओ कॉलचा : आंब्याचा मोहोर, गळकी कौले, भावकीतला वाद. मे महिन्यात हेच दांपत्य मालवणात उतरते, तेव्हा उकाडा सोसवत नाही आणि चौथ्या दिवशी दुबईची आठवण येते. अशा रीतीने सुट्टी कोणत्याही किनाऱ्यावर असली, तरी ती पलीकडच्या किनाऱ्यावरच घालवली जाते.