मिथाइलरावांची दाबादाबी

श्री. मिथाइलराव,
मु. पो. मोठे आतडे, यांस

स. न. वि. वि.

एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढीच आपली इस्टेट, पण रुबाब मंत्रालयातल्या मुरलेल्या हेडक्लार्कचा! डीएनएच्या मजकुरात काना-मात्रेची खाडाखोड करायची नाही. जनुकाच्या तोंडाशी नुसतं ठाण मांडायचं, की फाईल दबलीच.

सीएक्ससीएल-९ आणि सीएक्ससीएल-१० हे निरोप्ये कर्करोगाच्या गाठीतून सुटले असते, तर प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी धावून आल्या असत्या. ते सुटूच नयेत म्हणून ईझेडएच-२ या आपल्या मर्जीतल्या विकराने हिस्टोनवर तीन-तीन मिथाइल डकवले. निरोपच गेला नाही, आणि बोल मात्र प्रतिकारशक्तीला! तरीही ज्या टी-पेशी पोचल्या, त्यांची लढायची जनुकं डीएनएमटी-३ए या दुसऱ्या विकराकडून बंद करवलीत. पीडी-१ हा टी-पेशींवरचा ब्रेक रोखणाऱ्या औषधाने त्या दमलेल्या पेशींना थोडी हुशारी येते. पण आपले शिक्के बव्हंशी जागच्या जागी. चिकाटी असावी तर अशी.

एकदा मात्र फाजील उत्साह नडला. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारं एमएलएच-१ हे जनुकच आपण दाबलंत! मग चुकांचा इतका ढीग साचला, की त्यातून निघालेली चमत्कारिक प्रथिनं टी-पेशींच्या डोळ्यांवर आली. मोठ्या आतड्याच्या सुमारे १५ टक्के कर्करोगांत ही दुरुस्ती बंद असते आणि त्यातल्या बहुतेकांत हात आपलाच. अशाच गाठींसाठी अमेरिकेत २०१७ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या पीडी-१ रोखणाऱ्या औषधाला मान्यता मिळाली. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयात दुरुस्ती बंद असलेल्या गुदाशयाच्या कर्करोगाचे पहिले १२ रुग्ण नुसत्या डोस्टार्लिमॅब या तशाच औषधावर, शस्त्रक्रियेविना गाठमुक्त झाल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. (त्याचं श्रेय लाटू नका, गुदाशयात हा दोष बहुधा वारशाने येतो.)

उरलेल्या ८५ टक्क्यांत आपण सुखरूप आहात. ॲझासिटिडिनसारखी औषधं आपले शिक्के पुसतात, मग जीनोममध्ये गाडलेले जुन्या विषाणूंचे अवशेष जागे होऊन प्रतिकारशक्तीकडे बोंब ठोकतात. आतड्याच्या कर्करोगपेशींत हे २०१५ मध्ये दिसलं. रुग्णांत मात्र अजून फारसं काही हाती लागलेलं नाही. तोवर आपला जामीन कायम.

आपला,
एक तक्रारदार

ता. क. (वाचकांसाठी) : घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला, तर गाठीच्या तुकड्याची एमएमआर (म्हणजे डीएनए-दुरुस्तीची) तपासणी झाली का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा. उपचार त्यावर बदलू शकतात.