नद्या आमच्या, पाणीपट्टी तुमची

प्रति,
अमेरिकेचे शिक्षण खाते आणि तिथल्या राज्याराज्यांतल्या सरकारी विद्यापीठांचे समस्त काटकसरवीर यांस,



आशियाच्या अभ्यासावरचा आणि प्राध्यापकांच्या प्रवासावरचा खर्च आपण बंद करायला घेतलात, हे वाचून ऊर भरून आला. मार्च २०२५ मध्ये खात्यातली जवळजवळ निम्मी माणसं कमी करायचं ठरवलंत. परदेशी भाषांचं काम पाहणारं कार्यालय रिकामं केलंत. परदेशात जाऊन अभ्यास करायला मिळणाऱ्या फुलब्राइट-हेज अनुदानांची त्या वर्षीची स्पर्धाच रद्द केलीत, आणि २०२६ च्या अंदाजपत्रकात या सगळ्या सदरापुढे शून्य सुचवलंत. शून्य आम्हीच जगाला दिलं, असं आम्ही शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते आमच्याच नावापुढे लागेल, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

हा खर्च वर्षाला साडेआठ कोटी डॉलरच्या घरात होता. आपलं एक एफ-३५ लढाऊ विमानही साधारण तेवढ्यालाच पडतं. म्हणजे आता दरसाल एक विमान जादा घेता येईल. ते ज्या देशावरून उडेल तिथली भाषा वैमानिकाला येत नसली तरी काही बिघडत नाही. तितक्या उंचीवर खालचं काही ऐकू येत नाही.

खरं तर चूक आपल्या वाडवडिलांची. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि त्यांची झोप उडाली. पुढच्याच वर्षी त्यांनी कायदा केला आणि त्याच्या सहाव्या प्रकरणात परदेशी भाषा शिकवायला विद्यापीठांना पैसे दिले. कायद्याचं नाव काय, तर राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा. ज्ञानासाठी पैसे मागितले तर कोणी देणार नाही, संरक्षण म्हटलं की तिजोरी उघडते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याआधी १९४६ मध्ये सिनेटर फुलब्राइट यांनी महायुद्धातून उरलेला लष्करी माल विकून आलेल्या पैशातून विद्वानांची देवाणघेवाण सुरू केली. युद्धाच्या भंगारातून प्राध्यापकांची तिकिटं काढायची! आपल्या लेखापरीक्षकांनी हे तेव्हाच थांबवायला हवं होतं.

आणि गहू. या गव्हाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आमच्या घराघरातल्या म्हाताऱ्या माणसांना तो अजून आठवतो.

१९५४ च्या पी. एल. ४८० कायद्याखाली आपण आम्हाला धान्य दिलंत आणि त्याची किंमत रुपयांत घेतलीत. त्या रुपयांचा आपल्याकडे ढीग साठला. ते डॉलर करून नेता येईनात, आणि इथे खर्च तरी कशावर करणार? तेव्हा कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की पुस्तकं घ्या. १९६२ पासून आपल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्लीच्या कचेरीने भारतीय भाषांतली पुस्तकं आणि नियतकालिकं घाऊक खरेदी केली आणि तिकडच्या विद्यापीठांना पेटाऱ्यांनी रवाना केली. म्हणजे रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन लाल गहू नि मिलो ज्वारी आणली आमच्या आज्यांनी, आणि त्या पैशावर आमच्या कादंबऱ्या जाऊन बसल्या बर्कली नि विस्कॉन्सिनच्या फडताळांत. पुण्यातल्या ग्रंथालयांनी वाळवीला दिलेलं एखादं पुस्तक तिथे मात्र धडधाकट सापडतं. त्या गव्हाबरोबर गाजरगवत आलं, असं इकडे लहानथोर सगळे सांगतात. खरंखोटं वनस्पतिशास्त्रज्ञ जाणोत. पुण्यात ते नजरेला आलं ते मात्र पन्नासच्या दशकातच. आम्ही अजून ते उपटतो आहोत. आमच्या कादंबऱ्यांनी विस्कॉन्सिनच्या शेतात तसा काही उपद्रव केल्याचं ऐकिवात नाही.

या भानगडीत १९६१ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज उभी राहिली आणि तिचं पहिलं बिऱ्हाड आमच्या डेक्कन कॉलेजात पडलं. तिच्यामार्फत तिकडची पोरं पुण्यात येऊन मराठी शिकतात. मंडईत 'कोथिंबीर कशी दिली?' असं विचारून भाजीवालीला गोंधळात टाकतात, आणि ती मग भाव दुप्पट सांगायचं विसरते. हेही आमचं नुकसानच.

आता जमाखर्च मांडू. आपल्या ॲरिझोनात टेम्पी नावाचं गाव आहे. तिथली सॉल्ट नदी एरवी कोरडी असते. १९९९ मध्ये रबरी बंधारे घालून तिच्या पात्रात तळं करावं लागलं. त्या गावातल्या सरकारी विद्यापीठातल्या प्राध्यापक ॲन फेल्डहाउस यांनी पुस्तक कशावर लिहावं? महाराष्ट्रातल्या नद्यांवर! त्या नद्यांच्या काठच्या देवळांवर, साती आसरांवर, ओटी भरणाऱ्या बायांवर. १९९५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून त्यांनी शं. गो. तुळपुळे यांच्याबरोबर जुन्या मराठीचा कोश केला. आज आमच्याकडे कोणाला लीळाचरित्रातला एखादा शब्द अडला, तर तो हाच कोश काढतो. नद्या आमच्या, शब्द आमचे, आणि पगारापुरती का होईना पाणीपट्टी भरली वाळवंटातल्या करदात्याने. त्याची आम्ही जाहीर माफी मागतो.

मिशिगन स्टेटची गोष्टही तशीच. शेतकी शिकवायला काढलेलं विद्यापीठ ते. तिथल्या जॉन क्यून यांनी एकनाथ महाराज महाराच्या घरी जेवले, ही कथा घेतली आणि ती नाटकं-सिनेमांपर्यंत कशी फिरत आली, कोणी कुठे काय गाळलं नि काय घातलं, यावर २०२१ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. पंगतीत कोण कोणाशेजारी बसलं याच्या चौकशीत आमच्याकडे पिढ्या गेल्या, पण मिशिगनच्या शेतकऱ्याला त्याचं काय?

सगळ्यात मोठा धोका मात्र माणूस परतच न येण्याचा. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठातली गेल ऑम्वेट नावाची मुलगी ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहायला १९७० च्या सुमारास इकडे आली. प्रबंध झाला, १९७६ मध्ये त्याचं पुस्तकही झालं, आणि जोतीराव फुल्यांकडे पाहायची एक नवी नजर इथल्या अभ्यासकांना मिळाली. पण बाई गेल्या कुठे? सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला, पाटणकरांच्या घरी सून म्हणून. १९८३ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं. धरणग्रस्तांच्या आणि बायकांच्या मोर्चांत चालल्या, आणि २०२१ मध्ये कासेगावातच गेल्या. एक उच्चशिक्षित नागरिक कायमची हातची गेली. हे नुकसान कोणत्या सदराखाली दाखवलंत, तेवढं कळवावं.

या पार्श्वभूमीवर वेस्ट व्हर्जिनियाच्या सरकारी विद्यापीठाचा आदर्श डोळ्यांत भरतो. साडेचार कोटी डॉलरची तूट आली तेव्हा २०२३ मध्ये त्यांनी २८ पदवी अभ्यासक्रम आणि १४३ शिक्षकांच्या जागा कापल्या. भाषांचा विभागच मोडीत काढला, ओरडा झाला तेव्हा थोडं स्पॅनिश आणि थोडं चिनी राखलं. त्या घाईत एक सूचना अशीही आली होती की भाषा शिकवायला एखाद्या ॲपशी करार करावा. झकास! ॲपला पगारवाढ नको, निवृत्तिवेतन नको, आणि ते कोणाच्या घरी सून म्हणून जात नाही. एक अडचण आहे. त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या ॲपवर हिंदी आहे, मराठी नाही. पण आपली तक्रार नसेल तर आमचीही नाही. आमच्या राज्यातल्या शाळांतही मराठीचं काय चाललंय, ते सांगायला वेगळं पत्र लागेल.

राहता राहिला तो फुलब्राइट-हेजच्या पैशातला चार-सहा आठवड्यांचा सामूहिक दौरा. आपली उन्हाळ्याची सुट्टी नेमकी जून-जुलैत येते आणि आमची वारीही त्याच दिवसांत. समजा, नेब्रास्कातल्या एखाद्या छोट्या कॉलेजची इतिहासाची बाई अशा दौऱ्यात आली. सासवडच्या पुढे चिखलात तिची चप्पल तुटली. ज्ञानोबांच्या रथामागच्या कुठल्याशा नंबरच्या दिंडीतल्या आजीने तिला हाताला धरून कडेला बसवलं, चहा पाजला आणि मुलाखत सुरू केली. किती पोरं? नवरा कुठं ठेवला? घरी दुभतं आहे का? पाऊसपाणी कसं तिकडं? बाईच्या वहीतली प्रश्नावली वहीतच राहिली. ती परत गेल्यावर तिने काय करायचं, तेही आपल्या नियमांत होतं: या अनुभवावर धडे तयार करायचे आणि वर्गात शिकवायचे. म्हणजे पुढची वीस वर्षं मक्याच्या प्रदेशातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना पंढरपूर नकाशावर सापडलं असतं. दुभत्याबद्दल विचारणारी एक म्हातारी आशियात राहते, हेही त्यांना कळलं असतं. एकदा असं कळलं की त्या मुलखाबद्दल दूरचित्रवाणीवर जे सांगतील ते पोरं मुकाट ऐकून घेत नाहीत. राज्यकर्त्यांना ही केवढी गैरसोय!

आमच्याकडे याला 'अभ्यासदौरा' म्हणतात, आणि त्यावर नगरसेवक जातात. सिंगापूरला कचरा पाहून येतात, दुकानाच्या पिशव्या घेऊन येतात, आणि कचरा होता तिथेच राहतो. प्राध्यापकाने परदेशी परिषदेसाठी रजा मागितली की फाइल शिपायाच्या टेबलावरून हलायला परिषद संपावी लागते. तेव्हा या बाबतीत आपण आमच्या कैक वर्षं मागे होतात, आता बरोबरीला येत आहात. स्वागत आहे.

एक शंका तेवढी विचारतो. आपण भीतीपोटी पैसे दिलेत, गव्हाच्या रुपयांचं करायचं काय म्हणून दिलेत, जुने लष्करी ट्रक विकून दिलेत. जिव्हाळ्यापोटी तर कधीच दिले नाहीत. त्यातून नद्यांवरचं पुस्तक निघालं, कोश निघाला, कासेगावची सून निघाली. यातलं काहीच आपण मागितलं नव्हतं, त्यामुळे आपल्या वहीत त्याला रकाना नाही. आणि रकाना नाही म्हणून वही मिटताय. दुसरी वही घेऊन बघितलीत का?

कळावे. लोभ असावा.

आपला,
पी. एल. ४८० च्या लाभार्थी घरातला एक मराठी वाचक

ता. क. : सरकारी अनुदानावर परदेशी जाणाऱ्याने शक्य तिथे अमेरिकी कंपनीच्याच विमानाने जावं, असा आपला सत्तरच्या दशकापासूनचा कायदा आहे. म्हणजे तिकिटाचे पैसे आपल्या घरातच राहत होते, बाहेर जात होता तो फक्त प्राध्यापक. आता विमान कंपन्यांना काय सांगणार आहात?