निवृत्त फौजींसाठी आमदारकीचे पहिले पुस्तक (पेडणे-डिचोली आवृत्ती)

साहित्य: चालू पेन्शन, शाबूत गुडघे, इस्त्रीची पांढरी कमीज आणि पाहुण्यांसाठी सहा खुर्च्या.

पाठ 1. रणांगण निवडा. गोव्याच्या पेडणे तालुक्यात मतदारसंघ दोनच, मांद्रे आणि पेडणे. पेडणे अनुसूचित जातींसाठी राखीव, तेव्हा आधी दाखला तपासा, मग पोस्टर छापा. डिचोलीत तीन: डिचोली, मये, साखळी. मतदार इतके थोडे की प्रत्येकाच्या घरी जाता येते. म्हणूनच जावे लागते. साखळीत 2022 साली खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत 666 मतांनी तरले. एखादा वाडा रुसला तरी पुरे.

पाठ 2. आवाज उतरवा. पलटणीत तुम्ही ओरडायचात आणि समोरचा ऐकायचा. आता उलटे. पेडण्याच्या पुनवेच्या उत्सवाला गर्दी दिसली म्हणून रांग लावायला जाऊ नका. हात जोडा आणि घामाघूम व्हा.

पाठ 3. आश्वासन पाठ करा. पेडण्यात म्हणा, ‘मोपाच्या विमानतळावर आमच्या पोरांना नोकऱ्या.’ डिचोलीत म्हणा, ‘खाणी सुरू, ट्रक सुरू.’ वाक्ये उलटसुलट झाली तर पुन्हा पाठ 2 पासून.

पाठ 4. धीर धरा. सीमेपलीकडच्या, तेव्हाच्या राजापूर लोकसभा मतदारसंघात प्रा. मधु दंडवते सलग पाच वेळा निवडून आले होते. 1991 साली ती जागा फौजी सुधीर सावंतांनी जिंकली. नौदलाचे निवृत्त कॅप्टन विरियातो फर्नांडिस 2022 साली दाबोळीत हरले आणि 2024 साली दक्षिण गोव्याचे खासदार झाले. तुमची पहिली चढाई फसली तर तिला ‘टेहळणी’ म्हणा.

पाठ 5. कायदा नव्याने शिका. हाच अवघड धडा. फौजेत एकटा पळाला तर भगोडा आणि सगळ्यांनी मिळून हुकूम मोडला तर बंड. गुन्हा माणसागणिक वाढतो. विधानसभेत तो माणसागणिक विरघळतो. एकट्याने पक्ष सोडलात तर अपात्र, दोन तृतीयांश जमवलेत तर ‘विलीनीकरण’. जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या पंधरा आमदारांपैकी दहा भाजपात गेले. पुढे 2022 च्या निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. त्याच वर्षी सप्टेंबरात निवडून आलेल्या अकरांपैकी आठ भाजपात गेले. हिशेब दोन्ही वेळा चोख होता.

अंतिम परीक्षा. तुम्ही निवडून आलात. रात्री फोन येतो: ‘सुभेदारबाब, सात जण तयार आहेत, आठवे तुम्ही.’ याचे उत्तर या पुस्तकात छापलेले नाही. ते तुम्ही रंगरूट असताना कसम परेडच्या मैदानावर एकदाच, मोठ्याने म्हटले होते. आठवत नसेल, तर अभिनंदन. तुमचा अभ्यासक्रम पूर्ण झाला.