आयटेन साहेब

भोसरीच्या एमआयडीसीत 'चालतंय ना?' हा प्रश्न नसतो, निकाल असतो. पंप गळतोय, पण चालतंय. लिमिट स्विच सुतळीने बांधलाय, चालतंय. असल्या मुलखात आयटेन साहेबांनी धंदा मांडला, यात नशीब कुणाचं फुटलं हे सांगणं अवघड आहे. बंद पडलेल्या मशीनला ते भीत नाहीत. चालणारं मशीन दिसलं की मात्र त्यांच्या कपाळावर आठी उमटते.

धंदा रिट्रोफिटचा. जुन्या मिलिंग मशीनचा बिडाचा सांगाडा तसाच ठेवायचा आणि कंट्रोल तेवढा नवा बसवायचा. त्यांचा जीव पीमॅकवर. हा कॅलिफोर्नियातल्या डेल्टा टाऊ कंपनीचा मल्टि-अ‍ॅक्सिस कंट्रोलर. २०१५ साली ती कंपनी जपानच्या ओमरॉनने घेतली. साहेबांनी मात्र ती अजून दिलेली नाही. या कंट्रोलरचं सगळं सेटिंग 'आय' आणि पुढे आकडा अशा हजारो नावांखाली असतं. त्यातल्या आय-टेनबद्दल साहेब इतकं बोलतात, की शॉपवर त्यांचं बारसं त्याच नावाने झालं. नवा वॉचमन गेटवर ह्युंदाईची वाट बघत उभा राहतो आणि साहेब पीएमटीच्या बसमधून उतरतात.

(पीएमटीचं पीएमपीएमएल झालं, हेही त्यांना मंजूर नाही.)

पॅनल उघडलं की बाकीच्यांना मोटर फिरवून बघायची घाई. साहेब ड्राइव्हचं कनेक्टरच काढून खिशात टाकतात. "आधी क्लॉक." रॅकमध्ये चार कार्डं असली, तरी फेज आणि सर्वोचं क्लॉक एकानेच द्यायचं, बाकीच्यांनी मुकाट्याने घ्यायचं. देणारं कोण, ते आय-नाइन्टीनमध्ये लिहायचं. कुणीच दिलं नाही, तर वॉचडॉग सगळं बंद पाडतो आणि लाल दिवा लागतो. हे समजावून झाल्यावर एका कारखान्यात साहेबांनी सहज विचारलं, "आता सांगा, इथे क्लॉक कोण देतं?" मालक आणि प्रॉडक्शन मॅनेजर दोघांनीही हात वर केले. साहेबांनी नुसतं लाल दिव्याकडे बोट दाखवलं.

मग आकडे. कारखान्यातून येतानाच फेज क्लॉक सेकंदाला नऊ हजारांच्या आसपास ठोके देत असतं. त्याला चाराने भागलं की सर्वो, म्हणजे दर ४४२ मायक्रोसेकंदांनी एक हिशेब. पण चाराने भागायचं, तर डिव्हायडरमध्ये ३ लिहायचे. दोनाने भागायचं, तर १. नेहमी एक कमी. ही सवय साहेबांच्या हाडांत इतकी मुरली आहे, की टपरीवर चौघांसाठी ते "तीन कटिंग" सांगतात आणि चौथ्याकडे चहा का आला नाही म्हणून पोऱ्यावर डाफरतात.

आणि शेवटी आय-टेन. दोन सर्वो ठोक्यांमध्ये किती वेळ गेला, हे कंट्रोलरला इथे सांगावं लागतं. एका मिलीसेकंदाचे ८३,८८,६०८ तुकडे करायचे आणि त्यातले किती, तो आकडा भरायचा. कंट्रोलर तो पडताळून बघत नाही. त्याचा तुमच्यावर विश्वास असतो. साहेबांची झोप उडते ती इथेच.

गेल्या पावसाळ्यात असंच झालं. एका कारखान्यातल्या हौशी ट्रेनीने फिनिश सुधारावं म्हणून सर्वोचा डिव्हायडर ३ चा १ केला, म्हणजे ठोके दुप्पट. आय-टेनला हात लावला नाही. मग सेव्ह मारलं. मशीन सुरळीत चाललं. सुरळीत कसलं, पळालं! जॉब निम्म्या वेळात उतरू लागले. शेठनी पेढे वाटले, पोराला पाचशे रुपये दिले. टूल जरा लवकर तुटत होतं, त्याचा दोष टूलवाल्याला गेला.

साहेबांना बोलावलं ते भलत्याच कामाला, एका एन्कोडरच्या केबलसाठी. आल्या आल्या ते दोन मिनिटं मशीन नुसतं बघत उभे राहिले. "कसं चालतंय, साहेब?" शेठनी अभिमानाने विचारलं. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. पडद्यावर फीड मिनिटाला १००० मिलिमीटर. टेबल ६०० मिलिमीटर सरकवलं. छत्तीस सेकंद लागायला हवे होते, अठराच लागले.

"पडदा खोटं बोलतोय," साहेब म्हणाले. "स्पिंडल तेवढंच फिरतंय, फीड दुप्पट. दाताला दुप्पट माल येतोय. टूल तुटणार नाही तर काय होईल?"

मग त्यांनी आय-टेनचा आकडा निम्मा केला आणि सगळे गेन पुन्हा काढले, कारण ठोके बदलले की जुने गेन लागू पडत नाहीत. सेव्ह मारून कंट्रोलर रीसेट केला, पुन्हा घड्याळ लावलं. छत्तीस. साहेब खुलले. शेठचा चेहरा पडला.

"साहेब, चांगलं पळत होतं हो. ते आधीचंच ठेवता येणार नाही का?"

"फीड वाढवायचं तर प्रोग्रॅममध्ये वाढवा, उजळ माथ्याने! घड्याळ फसवून कसलं?"

शेठनी बराच विचार केला. "स्पीड निम्मा केलात, मग बिलही निम्मं लावा."

तासभर घासाघीस झाली. शेवटी शेठ पूर्ण रक्कम चार समान हप्त्यांत द्यायला तयार झाले. साहेबांनी तिथेच बिलावर हप्त्याची रक्कम लिहिली, त्यापुढे 'हप्ते' म्हणून ३ चा आकडा टाकला आणि सही केली. अकाउंटंटने तीन हप्ते अगदी वेळेवर पाठवले.