सवय बिघडते हो!

गरिबांच्या घरभाड्यातला थोडा वाटा सरकारने उचलावा, अशी टूम निघाली आहे. परवा आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळात यावर चर्चा झाली आणि चक्क एकमत झालं. याआधी आमच्यात एकमत झालं होतं ते कोपऱ्यावरच्या वड्यात आता पूर्वीसारखा लसूण राहिला नाही, यावर. असं फुकट वाटत सुटलं की माणसाची सवय बिघडते, असं ठरलं. मी दोन्ही हात वर केले. फुकटेपणाची मला लहानपणापासून चीड.

लहानपण गिरगावात गेलं. चाळीतली ती खोली अजून आमच्याकडे आहे. आजोबांनी पागडी मोजून घेतलेली, भाडं महिना नव्वद रुपये. मुंबईतली भाडी १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याला बांधून टाकली. कायदा तात्पुरता होता, म्हणून पन्नासएक वर्षं टिकला. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाला वाटलं की मालकावर हा अन्याय आहे. मग १९९९ चा कायदा आला आणि मालकाला वर्षाकाठी चार टक्के वाढ घ्यायची मुभा मिळाली. नव्वदाचे चार टक्के म्हणजे तीन रुपये साठ पैसे. मालकाचा माणूस तेवढे मागायला आला, तेव्हा चाळीच्या चौकात निषेध सभा भरली होती. अध्यक्षस्थानी मी होतो. 'सामान्य माणसाने जगायचं कसं?' या माझ्या वाक्याला टाळ्या पडल्या.

चाळ गळते. नव्वद रुपयांत सिमेंटची गोणीही येत नाही, तेव्हा मालक तिकडे फिरकत नाही. डागडुजीला म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे. खोलीला तशी गेली कित्येक वर्षं कुलूपच आहे, पण आम्ही अधूनमधून जाऊन त्या कुलपाला तेल घालून येतो. पुनर्विकास व्हायचाय ना! याला कुणी सबसिडी म्हणालं तर मात्र मी भांडेन. सबसिडी सरकार देतं. ही मालक देतो, आणि तीही राजीखुशीने नाही.

राहायला आम्ही ठाण्यात. फ्लॅट आईच्या नावावर आहे, त्यामुळे कायद्याने मी आईचा भाडेकरू. महिना पंचवीस हजार भाडं देतो, म्हणजे कागदावर देतो. त्यावर पगारातल्या घरभाडे भत्त्याची करसवलत मिळते. भाडं वर्षाला लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. आईचं पॅन कार्ड माझ्याच पाकिटात असल्याने अडचण येत नाही. नव्या करप्रणालीत ही सोय काढून टाकली आहे. मी जुनीच धरून आहे. उगाच का आपण संस्कृती-संस्कृती म्हणतो?

गिरगावची खोली पागडीची, ठाण्याचा फ्लॅट आईचा. म्हणजे बघा, माझ्या नावावर अख्ख्या देशात एक पक्कं घर नव्हतं! हे दुःख केंद्र सरकारला समजलं. पंतप्रधान आवास योजनेत वर्षाला अठरा लाखांपर्यंत कमावणाऱ्या मध्यमवर्गालाही गृहकर्जाच्या व्याजात सवलत मिळायची, कमाल सुमारे दोन लाख पस्तीस हजारांची. २०१८ साली मी बदलापूरला फ्लॅट घेतला. तोही बंदच असतो. भाड्याने दिला तर भाडेकरू बसला म्हणजे? लोकांची नियत काही सांगता येत नाही. २०११ च्या जनगणनेत शहरांमधून एक कोटीहून जास्त घरं रिकामी सापडली होती. तेवढे सावध लोक या देशात आहेत, हे वाचून धीर आला होता.

आमदारांचं उदाहरण मी मुद्दाम टाळतो. मनोरा आमदार निवास पाडायचं ठरलं, तेव्हा आमदारांना बाहेर राहायला महिन्याला लाख रुपयांपर्यंत भाडं सरकारी तिजोरीतून मिळालं. तिथे सवय बिघडण्याचा प्रश्न येत नाही.

तर मार्चअखेर होती. ऑफिसात भाड्याच्या पावत्या द्यायच्या होत्या म्हणून मी जेवणाच्या टेबलावर पावती पुस्तक घेऊन बसलो होतो. आमच्या भांडीवाल्या मावशी आल्या. त्या कळव्याला डोंगरावर झोपडीत भाड्याने राहतात, महिना सात हजार. म्हटलं, लाभार्थ्याचंही मत घ्यावं.

"मावशी, सरकारने भाड्याला दोन हजार दिले तर?"

"तर आमचा शेठ भाडं दोन हजारानं वाढवंल. माझ्या हाताला नुसता वास लागंल पैशाचा."

मला इतका आनंद झाला की मी चहा टाकायला सांगितला. त्यांनाच. जे सांगायला तज्ज्ञांना दोनशे पानं लागतात, ते बाईने खरकटं काढता काढता सांगितलं होतं. "म्हणजे नकोच ना सबसिडी?"

"नको कशापायी? द्या की. पण आधी खोल्या वाढवा. नाहीतर डिपॉझिटचं तरी बघा. शेठ अकरा महिन्यांत उठवतो, मग नव्या खोलीला नवं डिपॉझिट. तीस हजार कुठून आणू दर टायमाला?"

"करार करून घ्यायचा रीतसर. मालकाने करार नोंदवलाच पाहिजे, असा कायदा आहे."

"कागद दिला तर मी बसंन ना उरावर. उद्या बिल्डर आला की माझं नाव निघंल. म्हणून तर उठवतो."

तेवढ्यात आईने बाराव्या पावतीवर सही केली आणि चष्मा काढून ठेवला. मावशी पदराला हात पुसत टेबलाशी आल्या.

"आजी, कसल्या ओ पावत्या?"

"हा मला भाडं देतो त्याच्या."

"देतो?"

आई गालातल्या गालात हसली.

मावशींनी एक पावती उचलून उजेडात धरली. तिकीट चिकटवलेलं, त्यावर आडवी सही. बराच वेळ पाहत होत्या. "मी म्हैन्याच्या म्हैन्याला मोजून देते," त्या म्हणाल्या, "तर मला कोण साधी चिठ्ठी देत नाय."

मी पावती त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली. हात ओला होता, शाई पसरली असती. बाराही क्रमाने लावून टाचणी मारली. एक रेव्हेन्यू स्टँप उरला होता, तो पाकिटात आईच्या पॅन कार्डामागे ठेवून दिला. पुढच्या मार्चला लागेल.