आखाजीचं सरपण : सुरतेतल्या खानदेशी गृहस्थासाठी मार्गदर्शिका

मराठी माणसाला सुरतेची वखार चौथीच्या पुस्तकापासून ठाऊक असते. 1664 साली महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा इंग्रजांनी बंदुका रोखून आपली वखार राखली. लाकडाच्या वखारवाल्याला एवढा खटाटोप लागत नाही. त्याला वजनकाटा पुरतो.

लिंबायत, उधना, डिंडोली भागातल्या खानदेशी गृहस्थावर या लाकडाच्या वखारीत जाण्याचा प्रसंग वर्षातून एकदा, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर येतो. एरवी गॅसवर सुखाने नांदणाऱ्या घरात आई जाहीर करते, "मांडे खापरावरच होतील, आणि खापर चुलीवरच बसेल." गावी शेताच्या बांधावरून सरपण आणलेला मुलगा ते विकत घ्यायला पिशवी घेऊन निघतो. पिशवी घरीच ठेवावी. बाकी सूचना पुढीलप्रमाणे.

पायरी 1 : आधी पदार्थ, मग लाकूड. भरताच्या वांग्याला तुराट्या किंवा पऱ्हाट्या. भपकन पेटतात, साल करपते, धुराचा वास गरात उतरतो, काम संपलं. बट्टीला गोवऱ्यांची धग. मटणाला बाभळीचा ओंडका. तो आणि मटण दोघंही घाई करत नाहीत. मांड्यांचं मात्र नाजूक. पालथ्या खापरावर हातभर मांडा पडतो. जाळ एका अंगाला गेला की तिकडे करपतो आणि इकडे कच्चा राहतो. म्हणून मनगटाएवढ्या सरळ चिरफाळ्या घ्याव्यात, पुढे सारता येतील आणि मागे ओढता येतील अशा. भुसावळ पॅसेंजरने गावाकडचा भारा आणण्याचा विचार मनात येईल. तो मनातच ठेवावा.

पायरी 2 : झाडाची जात विचारा. जातीची चौकशी शोभून दिसते अशी ही एकमेव जागा. बाभूळ सर्वांत खानदानी: जड, दमदार आच, टिकाऊ निखारा. गुजरातीत जिला 'गांडो बावळ' म्हणतात, ती वेडी बाभूळ जळताना शहाण्यासारखी वागते. सुरूही चालतो. कण्हेर विषारी, चुलीच्या आसपास नको. वड-पिंपळ मिळाला तरी आणू नये. लाकूड आणि तुम्ही, दोघांनाही आई उंबऱ्याबाहेर ठेवील.

पायरी 3 : मण समजून घ्या. "मणाचा भाव काय?" असं रुबाबात विचारावं. आकडा ऐकून स्वस्ताईचा आनंद होईल. तो आवरावा. आपल्या डोक्यातला मण चाळीसचा, गुजरातच्या बाजारातला वीस किलोंचा. या एका शब्दात निम्मी खरेदी बुडते.

पायरी 4 : पाणी मोजा. उरलेली निम्मी इथे बुडते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास अर्धं पाणी असू शकतं. असं दोन मण घेतलंत, तर घरी वीस किलो लाकूड येतं आणि लाकडाच्या भावाने वीस किलो पाणी. त्यापेक्षा तापीचं नळाचं पाणी स्वस्त. चुलीतला जाळ आधी हे पाणी आटवतो आणि मग वेळ उरला तर मांडा भाजतो. तपासणी अशी: टोकाला भेगा आहेत का पाहा. साल नखाने सुटते का पाहा. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. 'टण्ण' आवाज आला तर वाळलेलं, 'ढप्प' आला तर काल-परवापर्यंत त्यावर पाखरं बसत होती. वखारवाला "एकदम सुकुं छे, भाई!" म्हणेल. त्याच्या घशाची तपासणी करू नये, लाकडाची करावी.

पायरी 5 : फुकटाचा मोह टाळा. या शहरात पेटवणासाठी चिंध्या रस्तोरस्ती मिळतात. पण सुरतेची साडी बहुधा पॉलिस्टरची असते. ती जळण्याआधी वितळते, थेंब थेंब गळते आणि पुरणाला मिलचा वास देते. फर्निचरवाल्याकडचे प्लायवूडचे तुकडेही नकोत. त्यात लाकडासोबत डिंक आणि रसायनही असतं. पेटवणाला वाळलेली करवंटी घ्यावी.

पायरी 6 : धुराची परवानगी घ्या. चूल गच्चीवर मांडावी आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना आदल्या दिवशी मांड्यांचं आमंत्रण द्यावं. आमंत्रण मिळालेल्या माणसाच्या डोळ्यांना धूर कमी झोंबतो.

सहाही पायऱ्या काटेकोर पाळून प्रस्तुत लेखकाने यंदा दोन मण बाभूळ आणली. आईने एक चिरफाळी उचलली, तळहातावर तोलली आणि परत ठेवली. टण्ण-ढप्प काही केलं नाही. "चांगलं आहे," ती म्हणाली, "जिन्याखाली रचून ठेव. पुढच्या आखाजीपर्यंत वाळेल."

यंदाचे मांडे गॅसवर झाले. सेक्रेटरींनी चार खाल्ले.